चवीपुरते मीठ

मराठी पाककृतींच्या पुस्तकांत डाळ किती, तांदूळ किती, तेल किती हे सारे नीट सांगितलेले असते, आणि शेवटी मिठाचे मात्र एकच माप दिलेले असते: चवीपुरते. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र अथवा हजार पाकक्रिया' हे पुस्तक १९१० साली निघाले. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. मधल्या साठ वर्षांत मराठी गृहिणीचे जग पुष्कळ बदलले. ओगल्यांनी तर वाटी आणि चमचा ही घरातलीच मापे हाताशी धरून नवशिक्या मुलींचे भय घालवले. पण मिठापाशी आले की आपण सारेच अजून सैल होतो. मला या सैलपणाची तक्रार करायची नाही. मला एवढेच विचारायचे आहे की, मीठ चवीपुरते, पण कोणाच्या?

घरात हा प्रश्न उद्भवत नाही. आजोबांना रक्तदाब आहे, धाकट्याला आमटी सपक लागली तर तो पान सारून उठतो, पाहुणे कोकणातले आहेत की देशावरचे, हे सारे स्वयंपाक करणारीला पाठ असते. ती मीठ पदार्थात घालत नाही. ती ते माणसांच्या हिशेबाने घालते. परंतु खाणारा अनोळखी असला म्हणजे काय करायचे? ज्याचे नाव ठाऊक नाही, तोंड पाहिलेले नाही, जो खाऊन निघून जाईल आणि पुन्हा कधी भेटणार नाही, त्याच्या चवीचा अंदाज कशावरून बांधायचा? माझ्या मते पाकशास्त्राचे शिक्षण घराबाहेर का घ्यावे लागते, याचे उत्तर या प्रश्नात आहे.

आमच्या गोरेगावात अलीकडे पुष्कळ मुले-मुली हे शिक्षण घेऊ लागली आहेत. कोणी पदवीच्या वर्गात आहे, कोणी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतल्या वर्षाच्या अभ्यासक्रमाला जाते, कोणी काही आठवड्यांच्या सरकारी वर्गावर समाधान मानते. सकाळी स्टेशनवर पांढरा कोट घडी करून पिशवीत घातलेला आणि सुऱ्यांची गुंडाळी काखेत धरलेला मुलगा दिसला, तर आता कोणी वळून पाहत नाही. पण घरात आणि शेजारी एक प्रश्न अजून विचारला जातो: स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला? प्रश्न विचारणारे बहुधा हसत असतात. तो हसण्यावारी नेण्याइतका सोपा आहे, असे मात्र मला वाटत नाही.

याच प्रश्नाला आपल्याकडे दोन वेळा दोन निराळी उत्तरे दिली गेली. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले. जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती वाचून त्यांना ही कल्पना सुचली होती. त्यांनी गृहजीवनशास्त्राला अभ्यासक्रमात स्थान दिले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे घर होते. शिकलेली स्त्री आपले घर अधिक डोळसपणे चालवील, ही त्यामागची भूमिका. दुसरे उत्तर १९५४ सालचे. अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने लीलावती मुनशी यांच्या पुढाकाराने मुंबईत एक संस्था काढली. ती आज दादरला आहे. सुरू झाली ती अंधेरीला, भवन्स महाविद्यालयाच्या आवारात, म्हणजे आमच्यापासून दोन-तीन स्थानकांवर. तिच्या लांबलचक इंग्रजी नावात हॉटेल-व्यवस्थापन आहे, खाद्यपेय-व्यवस्थेचे तंत्र आहे आणि 'उपयोजित पोषण' हेही शब्द आहेत. या शेवटच्या शब्दांकडे आज कोणी लक्ष देत नाही. पण ते दिवस शिधापत्रिकेचे होते. लीलावतीबाईंचे पती कन्हैयालाल मुनशी १९५० ते १९५२ या काळात केंद्रात अन्नमंत्री होते, आणि धान्य वाचवा, पूरक अन्न खा, असा प्रचार देशभर चालला होता. हॉटेलच्या झगमगाटाशी ज्या विद्येचे नाते आपण आज जोडतो, ती आपल्याकडे संस्थेच्या रूपाने जन्मली ती टंचाईत. पुष्कळ अनोळखी माणसांना थोड्या अन्नात नीट कसे जेवू घालावे, ही तिच्या जन्मवेळची विवंचना होती.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. स्वयंपाकाला विद्या म्हणावे काय? हा वाद फार जुना आहे. प्लेटोच्या 'गॉर्जियस' या संवादात सॉक्रेटिस पाककौशल्याला कलेच्या पंक्तीत बसू देत नाही. त्याच्या मते ती नुसती सवय आहे, अनुभवाने अंगवळणी पडलेली हातोटी. आणि वर ती खुशमस्करी आहे, कारण ती हिताकडे पाहत नाही, जिभेला आवडेल तेवढेच पाहते. वैद्यक ही विद्या, कारण वैद्य आपण काय करतो आणि का करतो हे सांगू शकतो. आचाऱ्याला तसे सांगता येत नाही. लहान मुलांसमोर वैद्य आणि आचारी यांची चढाओढ लावली तर वैद्य उपाशी मरेल, असेही तो म्हणतो.

यातला खुशमस्करीचा आरोप मी बाजूला ठेवतो. कसोटी मात्र मला मान्य आहे. जो आपल्या कृतीचे कारण देऊ शकतो, त्याच्यापाशी विद्या आहे. प्रश्न एवढाच की, स्वयंपाकघर या कसोटीला खरोखरच उतरत नाही काय?

आपली भाषाच साक्षीला काढावी. आपण काकडी चोचवतो, नारळ खवतो, लसूण ठेचतो, गाजर किसतो, डाळ भरडतो, पोहे कांडतो, चटणी वाटतो आणि भाजी चिरतो. यातले एक क्रियापद दुसऱ्याच्या जागी चालत नाही. चिरलेल्या काकडीची आणि चोचवलेल्या काकडीची कोशिंबीर एक होत नाही, हे मराठी घरात लहान मुलालाही कळते. पाकाचे पाहा. एकतारी, दोनतारी, गोळीबंद. थेंब बोटांत धरून तार किती निघते, पाण्यात टाकला तर गोळी जमते की नाही, यावरून आपल्या आज्या जे ओळखत, तेच आजचा विद्यार्थी उष्णतामापक बुडवून ओळखतो. गोळीबंद पाक सुमारे ११२ ते ११६ अंश सेल्सिअसवर येतो. उपकरण निराळे, ज्ञान तेच. आणि 'पाक पुढे गेला म्हणून वड्या भगराळल्या' असे जी म्हणते, ती कारणच देत असते. सॉक्रेटिसाला हे कोणी सांगितले नाही, कारण ज्यांना ते सांगता आले असते त्या बायकांना त्या मेजवानीला कोणी बोलावले नव्हते.

मग कॉलेज कशाला? ज्ञान घरात आहेच, तर बाहेर काय मिळते? याचे उत्तर मी आमच्याच गावातल्या एका जुन्या गोष्टीवरून देतो. मुंबईला दूध पूर्वी शहरातल्या गोठ्यांतून येई. गवळी ओळखीचा असे. तो पाणी घालतो हेही ओळखीचे असे, आणि किती घालतो याचा अंदाज असे. विश्वास चेहऱ्यावर होता. १९४९ साली गोरेगावच्या पूर्वेला आरे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि म्हशी शहराबाहेर आल्या. दारा खुरोडी यांच्या कारकिर्दीत हे काम झाले; १९६३ साली मॅगसेसे पारितोषिक मिळालेल्या तिघांत ते होते. आता बाटलीतले दूध कोणत्या म्हशीचे, ते काढले कोणी, हे पिणाऱ्याला कळण्याची सोय राहिली नाही. चेहरा गेला. त्या जागी आले माप: ६३ अंशांवर अर्धा तास, किंवा ७२ अंशांवर पंधरा सेकंद. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, माप प्रेमाला पर्याय म्हणून आले नाही. ते ओळखीला पर्याय म्हणून आले. जिथे आपण एकमेकांना ओळखत नाही, तिथेही एकमेकांना फसवू नये, यासाठी माणसाने काढलेली ती युक्ती आहे.

पाकशास्त्राचा वर्ग मुख्यतः हेच शिकवतो. रात्रीच्या भाताचेच घ्या. घरी आपण तो सकाळी फोडणीला टाकतो. तो केव्हा शिजला, कुठे ठेवला होता, वास कसा येतो, हे करणारीने स्वतः पाहिलेले असते. हॉटेलात भात एकाने शिजवलेला, दुसऱ्याने ठेवलेला, तिसऱ्याने परतलेला असतो. बॅसिलस सिरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवण्याने मरत नाहीत. भात तासन्‌तास कोमट राहिला की ते वाढीला लागतात, आणि त्यातले एक विष तर पुन्हा गरम करूनही जात नाही. म्हणून विद्यार्थ्याला शिकवतात की ५ आणि ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात अन्न रेंगाळू द्यायचे नाही. त्याला हा नियम जाचक वाटतो, कारण घरी कोणी असे करत नाही आणि कोणी मेलेलेही नसते. पण हा नियम घरासाठी नाहीच. ज्याला आपल्यावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, अशा परक्यासाठी तो आहे. घरचा स्वयंपाक हा ममतेचा व्यवहार आहे. ममतेत थोडा पक्षपात शोभतो, लाडक्याच्या पानावर तुपाची धार जास्त पडते. परक्यासाठीचा स्वयंपाक हा न्यायाचा व्यवहार आहे. तिथे शंभरावे पान पहिल्यासारखेच असावे लागते.

या परकेपणाला आपल्या देशात आणखी एक अर्थ आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. कोणाच्या हातचे खावे, यावर आपण शतकानुशतके माणसे उभी आणि आडवी चिरली. शाळांतल्या माध्यान्ह भोजनासाठी स्वयंपाकी नेमताना दलितांना प्राधान्य द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाला २००४ साली आदेशात सांगावे लागले, यातच सारे आले. पाकशाळेत मात्र एका मेजावर कोणाचाही मुलगा कोणाच्याही मुलीने ढवळलेले चमच्याने चाखतो. चाखल्याशिवाय त्याला गुण मिळत नाहीत. मांसाला हात न लावणाऱ्या घरातली मुले याच ठिकाणी अडखळतात, आणि काही संस्थांनी केवळ शाकाहारी स्वयंपाकाचा पर्याय अलीकडे ठेवलाही आहे. मला तो पर्याय गैर वाटत नाही. काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. पण काय खावे आणि कोणाच्या हातचे खावे हे दोन प्रश्न एक नव्हेत. पहिला व्रताचा असू शकेल. दुसरा विटाळाचा आहे. पाकशाळेने पहिल्याला जागा द्यावी. दुसऱ्याला देऊ नये.

इथवर मी मापाची बाजू घेतली. आता हाताची घेतो. मापाने हात मरतो, असे पुष्कळांचे म्हणणे आहे. महाभारतातल्या नलोपाख्यानात नळ बाहुक होऊन राहतो. रूप पालटलेले, ओळख पुसलेली. दमयंती त्याने शिजवलेले मांस मागवून चाखते आणि तिची खात्री पटते. हाताची चव ही अशी सहीसारखी असते. वर्गात तर अशी सही पुसायलाच शिकवतात. पदार्थ कोणीही केला तरी एकच उतरावा हा तिथला आदर्श. मग काही गमावले जात नाही काय? जाते. पण याच नळाच्या नावावर आपल्या परंपरेने 'पाकदर्पण' हा पाकशास्त्राचा ग्रंथही चढवला आहे. ज्याचा हात ओळखू येतो त्याच्याच नावावर सर्वांसाठी लिहिलेले शास्त्र, हे परंपरेला विसंगत वाटले नाही. दमयंतीला नळाची चव कळली, कारण ती त्याला ओळखत होती. विराटाच्या वाड्यात जेवणाऱ्यांना बल्लवाचा हात भीमाचा आहे हे कळण्याचे कारण नव्हते. त्यांना फक्त चांगले जेवण हवे होते, आणि ते त्यांना मिळत होते.

हात आणि माप यांत मुळात वैर नाही, हे मला एका मुलीने दाखवून दिले. ती आमच्या मोतीलाल नगरातली; पाकशास्त्राच्या अभ्यासक्रमाला जाते. तिची आई स्टेशनजवळच्या एका पोळीभाजी केंद्रात पोळ्या करते. वर्गात मीठ-साखर वजन करून घ्यायला शिकवले, तेव्हा मुलीने एक छोटा काटा विकत आणला आणि आईला म्हणाली, "आई, कणकेत मीठ किती घालतेस?"

"लागेल तेवढं."

मुलीने आईची मूठ काट्यावर मोकळी करायला लावली. पुन्हा एकदा, पुन्हा एकदा. दर वेळी आकडा जवळजवळ तोच. मला तिने हे मोठ्या नवलाने सांगितले, "काका, दोन-चार ग्रॅमचाच फरक हो!" आईला मात्र त्यात नवल वाटले नाही. ती म्हणाली, "त्यात काय बघायचं? हात रोजचा आहे."

या बाईच्या मुठीत माप होते. तिच्या तोंडी ते नव्हते, एवढेच. आणि जगाचा व्यवहार मुठीवर चालत नाही, तोंडावर चालतो. मुलगी दोन वर्षांनी प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडेल आणि कुठल्याशा हॉटेलात आईच्या पगाराहून अधिकावर लागेल. त्यात वाईट काही नाही. पण ज्या वर्गात ती शिकते, तिथे तिची आई पोळी शिकवायला उभी राहू शकणार नाही, कारण तिच्यापाशी कागद नाही. घरात बाई करते तोवर ते काम. पुरुषाने पांढरी उंच टोपी घालून पैसे घेऊन केले की ती कला. फ्रान्समध्ये एस्कॉफिएने सैन्याच्या धर्तीवर मुदपाकखान्याची शिस्त बसवली आणि १९०३ साली आपला मोठा ग्रंथ काढला, तेव्हाही तिथल्या घराघरांत रस्से शिजतच होते. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी परगावच्या हजारो कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले; १९७५ साली प्रेमा पुरव यांनी 'अन्नपूर्णा महिला मंडळ' उभे केले, तेव्हा कुठे त्यांना बँकेच्या दारात उभे राहता आले. चव तीच होती, हात तेच होते. बदलले ते एवढेच की, त्यांच्या शब्दाला बाहेर वजन आले.

शब्दाला वजन नसले तर काय होते, याचे एक उदाहरण मनातून जात नाही. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत माध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले दगावली. तेलात कीटकनाशक मिसळलेले होते. स्वयंपाक करणाऱ्या बाईने तेलाविषयी शंका बोलून दाखवली होती, आणि तरी तेच वापरायला तिला सांगण्यात आले, असे तेव्हाच्या बातम्यांत होते. तिचे नाक बरोबर होते. त्या स्वयंपाकघरात विद्या होती, अधिकार नव्हता. 'हे मी मुलांना वाढणार नाही' असे म्हणून पातेले खाली उतरवण्याची प्रतिष्ठा तिच्या कामाला कोणी दिलीच नव्हती. तिच्यापाशी एखादा कागद असता तर तिचे ऐकले असते की नाही, हे मी सांगू शकत नाही. पण सांगणारी 'नुसती स्वयंपाकीण' आहे या समजुतीने आपण किती गोष्टी ऐकून न ऐकल्यासारख्या करतो, हे मात्र मला दिसते.

म्हणून 'स्वयंपाक शिकायला कॉलेज कशाला' याचे माझे उत्तर असे आहे. चव शिकायला नव्हे. ती बहुतेकांना घरूनच मिळते, आणि न मिळाली तर कॉलेज ती क्वचितच देऊ शकते. कॉलेज हवे ते अनोळखी माणसापुढे उत्तरदायी कसे व्हावे हे शिकायला, आणि मालकाने, व्यवस्थापकाने, कोणीही दटावले तरी नको ते न वाढण्याचे बळ यायला. ज्या अभ्यासक्रमातून मुलगा दहा प्रकारे कांदा कापायला शिकतो पण शिळ्या भाताला नाही म्हणायला शिकत नाही, त्याने त्याला हातोटी दिली, विद्या दिली नाही. तिथे सॉक्रेटिस बरोबर ठरतो.

आणि दुसरी अट अशी की, या विद्येने आपला उगम विसरू नये. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ नंतर 'कम्युनिटी कॉलेज' ही कल्पना आपल्याकडे योजनेच्या रूपाने आणली. परिसरातल्या लोकांना परिसराच्या गरजेचे शिक्षण, ही तिच्या मुळाशी असलेली दृष्टी. ती खरी मानायची तर परिसर नुसता विद्यार्थी पुरवणारा नसावा, शिकवणाराही असावा. गोरेगावच्या कोणत्याही गल्लीत पाच अशा बाया निघतील की ज्यांच्या मुठी काट्याला हरवतील. त्यांना वर्गात बोलवावे, त्यांना मानधन द्यावे, आणि त्यांच्या हातात जे आहे ते विद्यार्थ्यांनी शब्दांत आणि आकड्यांत उतरवून घ्यावे. तंजावरच्या सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातले पदार्थ 'सरभेंद्र पाकशास्त्र' या मराठी पोथीत उतरले, म्हणून ते राहिले. राजाच्या स्वयंपाकघराला जे भाग्य लाभले, ते पोळीभाजी केंद्राला का लाभू नये?

असे झाले तरी मिठाचे नेमके माप सापडेल असे मी म्हणत नाही. मीठ चवीपुरतेच राहणार. जीभ ही शेवटी जिवंत वस्तू आहे आणि पाऊसपाण्याप्रमाणे तीही बदलते. पण 'चवीपुरते' म्हणताना ती चव आपली नव्हे, समोर न दिसणाऱ्या कोणाची तरी आहे, एवढे ज्याच्या मनात पक्के झाले, त्याचे शिक्षण पूर्ण झाले असे समजायला हरकत नाही. मग तो दादरला शिकलेला असो, नाहीतर चुलीपाशी.